चंद्रावरचं पाणी आणि आपल्या रानातला बोअर

आज जरा कडू लिहितोय.

पूर्वी रानात पाणाड्या यायचा तो नारळ घेऊन. आता लॅपटॉप घेऊन येतो. गेल्या उन्हाळ्यात आपल्याच उमरगा तालुक्यात एका ओळखीच्या शेतकऱ्याकडं असा एक जण आला. "चांद्रयानानं चंद्रावर पाणी शोधलं, तेच तंत्र आमच्याकडं हाय," म्हणाला. रंगीत नकाशा दाखवला, 11 हजार घेतले, पॉइंट दिला. 550 फुटांपर्यंत नुसता फुफाटा. बोअरच्या गाडीचं बिल वेगळंच.

चांद्रयानानं नेमकं काय केलं ते तरी बघा. 2008 साली गेलेल्या चांद्रयान-1 वर नासाचं 'मून मिनरलॉजी मॅपर' नावाचं यंत्र होतं. चंद्रावर पडलेलं ऊन परत कसं येतं, एवढंच ते वरून मोजायचं. प्रत्येक खनिज उन्हातला आपापला ठरलेला भाग गिळतं. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, पायरॉक्सिन असतं; ते साधारण 1 आणि 2 मायक्रॉनच्या लहरी गिळतं. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टच, तिथंही हीच खूण. पाण्याची खूण 3 मायक्रॉनच्या आसपास दिसली, सप्टेंबर 2009 मध्ये ते जाहीर झालं.

पण ते पाणी म्हणजे काही झरा नव्हे राव! मातीच्या कणांना चिकटलेला अंश. आणि हा प्रकाश परत येतो तो वरच्या काही मिलिमीटरमधूनच. त्या यंत्राला फूटभर खालचंही दिसत नाही, 550 फूट सोडाच. शिवाय चंद्रावर ना हवा, ना पीक. आपल्याकडं नेमक्या त्याच लहरी हवेतली वाफ खाऊन टाकते, आणि बाकीच्या लहरींत दिसतं ते तुरीचं पान.

उपग्रह बिनकामाचा आहे असं मी म्हणत नाही. भूजलवाले त्याच्या चित्रांवरून खडकातल्या भेगांच्या रेषा काढतात. पण मग रानात येतात, आसपासच्या विहिरी बघतात, जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजतात. तरी खात्री देत नाहीत. हा मात्र मोटारसायकलवरून न उतरता खात्री देतो!

आम्हा पेपरवाल्यांचंही चुकलंच. 'चंद्रावर पाणी' असा मथळा ठोकला. किती, कसलं, हे कुणी सांगितलं? त्याच मथळ्याची कात्रणं आज हे लोक दाखवत फिरतात.

पुढचा कुणी आला तर एकच विचारा, "तुमचा प्रकाश जमिनीत किती खोल जातो?" आणि ज्यांच्याकडं असा नकाशा, पावती असेल त्यांनी मला इनबॉक्समध्ये फोटो पाठवा. नाव छापणार नाही. पैसे परत मागायला सोबत येईन.