दिवाणखान्यांतील अनामिक पूर्वज

सोनपेठसारख्या गांवांतील एखाद्या जुन्या वाड्याच्या वांटण्या होऊं लागल्या, म्हणजे भांडीं, दागिने आणि जमिनी यांचा हिशेब पै-पैचा होतो. परंतु माळ्यावरील पेटींत एखादें तळहाताएवढें रंगीत चित्र निघालें, तर तें कोणाचें याचा हिशेब कोणी मागत नाहीं. पगडी घातलेला, कपाळीं गंध लावलेला, हातांत फूल धरून बसलेला एक गृहस्थ! “आमचे कोणी पूर्वज” एवढ्यावर समाधान मानून चित्र एका भावाच्या घरीं जातें, दप्तराचे रुमाल दुसऱ्याच्या घरीं जातात. आणि त्या दिवसापासून दोन्ही मुकीं होतात. आमच्या मतें वांटणींतील सर्वांत मोठें नुकसान तें हेंच.

चित्र आणि कागद एकत्र राहिले तर काय लाभतें, याचें उत्तम उदाहरण पुण्याचें आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ सालीं मुंबईस आला व पुढील वर्षीं पुण्यास पोंचला. नाना फडणवीस व महादजी शिंदे यांचीं चित्रें त्यानें काढिलीं. इंग्रजांचा वकील चार्ल्स मालेट याच्या घरीं राहणारी, त्याच्या मुलांची आई अंबर कौर, हिचेंहि चित्र त्यानें काढिलें. वेल्स १७९५ त वारला. त्याची कन्या सुसाना हिचा विवाह १७९९ त त्याच मालेटशीं झाला, आणि वेल्सचे कागद व रेखाटनें त्या कुटुंबांत राहिलीं. म्हणूनच दरबारांतील मुत्सद्द्यांबरोबर अंबर कौरचेंहि नांव आज आपणांस घेतां येतें. तिच्या काळच्या किती कुलवधूंच्या वांट्यास हें भाग्य आलें असेल?

आतां आपल्या घरच्या चित्राकडे वळूं. प्रथम तें उलटून पाहावें. मागील बाजूस फार्सी अथवा मोडी अक्षर, शिक्का किंवा सन आढळल्यास तो धागा मोलाचा. सन लिहिण्याची पद्धत मात्र ओळखली पाहिजे. फसली सनांत ५९० किंवा ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. शुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. मोडी कागदांत शुहूर सन अरबी शब्दांनीं लिहिलेला असतो. ‘खमस तिसैन मया व अलफ’ म्हणजे ११९५, अर्थात् इसवी १७९४–९५, खर्ड्याच्या लढाईचें वर्ष.

दुसरी खूण पोशाखाची. मोगली रिवाजाप्रमाणें हिंदूच्या जाम्याचे बंद डाव्या बाजूस व मुसलमानाचे उजव्या बाजूस बांधीत. तथापि चित्रकार पातळ चामड्यावर आकृति उतरून घेऊन तिच्यावरून नव्या प्रती करीत; ती पालथी पडली तर डावें तें उजवें होई. एकच चेहरा अनेक घरीं कां आढळतो, याचेंहि कारण हेंच. चित्र हस्तिदंतावर असेल तर अधिकच सावध असावें. एकोणिसाव्या शतकांत दिल्लीचे कारागीर अशीं चित्रें प्रवाशांस विकीत, आणि त्यांतील बादशहा-बेगमांचे चेहरे बहुधा कल्पनेचे असत.

तिसरा मार्ग कागदांचा. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें येथील घराण्यांचा माग पुण्याइतकाच हैदराबादेस लागतो. इनाम असल्यास घरांत ‘मुंतखब’ असेल. त्यांत इनामदाराचें नांव मिळतें. नाशिक, त्र्यंबक, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांचीं नांवें त्यांच्या स्वतःच्या अक्षरांत सांपडतात. चित्र स्त्रीचें असेल तर वंशावळीवर विसंबूं नये. तेथें बहुधा मुलांचींच नांवें असतात. तिचा शोध पत्रांत, आहेराच्या याद्यांत व व्रतोद्यापनाच्या खर्चांत घ्यावा.

इतकें करूनहि चित्रांतील गृहस्थ आपल्या कुळांतील नाहीं, असें ठरण्याचा संभव आहे. कोणा धन्याची, गुरूची किंवा स्नेह्याची ती प्रतिमा असेल. तसें ठरल्यास खेद मानूं नये. परक्या मुत्सद्द्यास आपला पणजोबा म्हणून भिंतीवर मिरविणें म्हणजे खऱ्या पणजोबास दुसऱ्यांदा विसरणें होय.

आमची विनंती एवढीच. चित्राच्या पाठीवर लेखणी चालवूं नये. निराळ्या कागदावर तें कोणाकडून आलें, वृद्ध मंडळी काय सांगतात आणि तें कोणी केव्हां लिहून घेतलें, हें टिपून चित्राबरोबर ठेवावें. दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घेऊन प्रत्येक भावाच्या घरीं द्यावीं, तशाच दप्तरांतील कागदांच्याहि. विकत मागणारा दारीं आला तर त्यास घाईनें उत्तर देऊं नये. १९७२ च्या कायद्यान्वयें शंभर वर्षांवरील चित्र खाजगी गृहस्थास परदेशीं धाडतां येत नाहीं, हें ध्यानीं असावें. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असेच कागद व चित्रें जतन करीत आहे. घरीं सांभाळणें अशक्य झाल्यास अशा संस्थेचा विचार करावा.

मोडी वाचणारी व जुनीं नांवें सांगणारी एखादी आजी घरांत असेल, तर हें काम पुढील सुटीवर ढकलूं नये. कागद आणखी शंभर वर्षें थांबतील. आजीस तितका अवकाश नाहीं.