घडणावळीची मोटार

जळगावच्या सराफ बाजारात गेलेली गृहिणी सोन्याचा भाव विचारीत बसत नाही. तो तिला घरूनच ठाऊक असतो. ती विचारते, "घडणावळ किती?" कारण दागिना मोडीला काढला तर सोन्याचे पैसे परत येतात, घडणावळ मात्र कायमची गेली. पाडव्याला मोटार आणायचा बेत ज्या घरांत चालला असेल, तेथील यजमानांनी दुकानात शिरताना ह्या गृहिणीला बरोबर न्यावे, अशी आमची सूचना आहे.

सध्या बैठकीच्या खोल्यांतून 'प्लग-इन हायब्रिड'ची चर्चा फार ऐकू येते. ह्या गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि शिवाय घरच्या विजेवर भरायची चांगली मोठी बॅटरीही. चाळीस-पन्नास किलोमीटर विजेवर जायचे, पुढे पेट्रोलवर. (२०२२ साली टोयोटा आणि मारुती यांनी ज्या हायब्रिड गाड्या आणल्या, त्यांना वायर लावावी लागत नाही. ती जात निराळी.) जळगावात बिऱ्हाड आणि धुळ्याला काम असलेल्या माणसाला तर वाटते की, ही गाडी आपल्यासाठीच घडवली: गावात वीज, महामार्गावर पेट्रोल!

आता वही उघडू. शाळा, बाजार, कचेरी मिळून रोजचे तीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ७५० किलोमीटर. साधी पेट्रोल गाडी गावात लिटरला १५ देते असे धरा आणि पेट्रोल १०५ रुपये. खर्च ५,२५० रुपये. विजेवर युनिटला पाच किलोमीटर धरले तर १५० युनिट लागतील. येथे बहुतेकांची वही चुकते. ते बिलातला सर्वांत स्वस्त दर धरतात. महावितरणचे घरगुती बिल पायऱ्यापायऱ्यांनी चढते; पहिल्या १०० युनिटांची पायरी स्वस्त, मग ३०० पर्यंतची, मग ५०० पर्यंतची. घरातले दिवे, फ्रिज आणि खानदेशचा उन्हाळा खालच्या पायऱ्या आधीच खाऊन बसलेले असतात. गाडीचे १५० युनिट वरच्या पायरीवर जाऊन पडतात. तेव्हा १३ रुपये दर धरा. १,९५० रुपये झाले. महिन्याला ३,३०० वाचले, वर्षाला चाळीस हजारांच्या आत.

बरे आहे की! पण ही गाडी साध्या गाडीपेक्षा समजा पाच लाखांनी महाग पडली, तर ती घडणावळ फिटायला साडेबारा वर्षे हवीत. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची असते. आणि ते पाच लाख बहुतेक घरांत मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या रकमेतूनच निघायचे असतात.

धुळ्याचा हिशेब तर आणखी पातळ. जाऊन-येऊन सुमारे १९० किलोमीटर. एरंडोल मागे पडून पारोळा येईतो बॅटरी रिकामी, आणि कामाच्या जागी वायर लावायची सोय नसली तर परतीचा सगळा रस्ता पेट्रोलवर, तोही बॅटरीचे ओझे वाहत. एका फेरीत विजेने वाचतात ते जेमतेम दीडशे रुपये. मे महिन्यात एसी चालू ठेवून तेही उरणार नाहीत.

ही शंका केवळ आमची नव्हे. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरचे आकडे प्रसिद्ध केले, तेव्हा अशा गाड्यांचा धूर प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीनपट निघाला. कारण साधे होते: लोक गाडी पुरेशी चार्जच करीत नव्हते. तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातून पार्किंगपर्यंत वायर कोण सोडणार?

पाच लाखांचा फरकही आम्ही उदारपणे धरला आहे. भारतात आजवर आलेल्या बहुतेक प्लग-इन गाड्या धनिकांच्याच. डिसेंबर २०२२ मध्ये आलेली बीएमडब्ल्यू एक्सएम २ कोटी ६० लाखांची होती. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीत मोठ्या हायब्रिड गाडीवर ४० टक्के, तर निव्वळ विजेच्या गाडीवर ५ टक्के कर आहे. सरकारचा कल कोठे आहे हे आणखी सांगायला नको.

ज्यांचे स्वतःचे घर आहे त्यांनी आधी छताकडे पाहावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॉटच्या सौर संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले. खानदेशात ऊन फुकट आहे, तक्रार करण्याइतके आहे! तीन किलोवॉटमधून महिन्याला तीनशेच्या वर युनिट सहज निघतात. घर भागवून गाडीलाही बरेच उरतील. पण मग दोन यंत्रे, दोन देखभाली आणि दरवर्षी इंजिनचे ऑइल हवेच कशाला? निव्वळ विजेची गाडी पाहावी. अडीचशे किलोमीटर खात्रीने चालणारी असली की धुळ्याहून परत येता येते. आणि छत नसेल, रस्ताच फार असेल, तर बिनवायरची हायब्रिड किंवा साधी पेट्रोल गाडी. प्लग-इनचा विचार त्याने करावा, ज्याच्या दारात स्वतःचा प्लग आहे, ज्याचे रोजचे फिरणे चाळीस किलोमीटरांच्या आत आहे आणि ज्याला महिन्यातून एकदाच पुण्या-मुंबईला जायचे असते.

अशी घरे जळगावात आहेत. पण दुकानात जाण्यापूर्वी त्यांनीही मे महिन्याचे वीजबिल काढून आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत ते पाहून घ्यावे.