हद्दीपलीकडची रत्नागिरी

रत्नागिरी कुठे संपते, याचं उत्तर पिढीगणिक बदलत आलं आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठी इंग्रजांनी १९१० च्या सुमारास राजवाडा बांधला तो गावाच्या गजबजाटापासून दूर, खाडीकडे तोंड करून. आज त्याला चहूबाजूंनी घरांनी गाठलं आहे. पुढच्या पिढीचं गाव मारुती मंदिराशी संपायचं, त्यानंतरच्या पिढीचं साळवी स्टॉपला. आता कुवारबावला रेल्वेतून उतरलेला पाहुणा शहर लागायची वाट बघत बसत नाही. इमारती, हार्डवेअरची दुकानं, मंगल कार्यालयं स्टेशनापासूनच सुरू होतात. तिकडे नाचणे, शिरगाव, मिरजोळे, खेडशी ही गावं शहरात कधी मिसळली, ते तिथल्या ग्रामस्थांनाही सांगता येणार नाही.

कागदावर मात्र उत्तर पक्कं आहे. नगरपरिषदेची हद्द जेमतेम साडेदहा चौरस किलोमीटरची, आणि शहराचा विकास आराखडा होतो तो या हद्दीपुरता. शहराला पाणी मिळतं ते शीळच्या धरणातून, म्हणजे हद्दीबाहेरून. शहराच्या कचऱ्यासाठी दांडेआडोमच्या जागेचा वाद कितीतरी वर्षं चालला, तेही हद्दीबाहेर. नव्याने येणारा माणूस घर घेतो तो बहुतेकदा ग्रामपंचायतीच्या हद्दीत. पाणी बाहेरचं, कचरा बाहेर, माणसंही बाहेर. आत उरतो तो आराखडा.

असा आराखडा काय करतो? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यानुसार वीस वर्षांचा अंदाज बांधून जमिनीचा वापर ठरवायचा. राहण्याचा भाग नकाशावर पिवळा, शेतीचा हिरवा. मधे रस्ते, बागा, शाळा, दवाखाने यांची आरक्षणं. आपल्याकडे माणसं सांगतात, ‘जागा डीपीत, म्हणजे विकास आराखड्यात गेली.’ सांगताना सुतकी चेहरा असतो, कारण जागा जाते पण बाग काही येत नाही. दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या चोवीस महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. लहान नगरपरिषदेकडे बाजारभावाने जमीन घ्यायला पैसा नसतो. मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर द्यावा, तर तो विकत घेणारा मोठा बाजार मुंबई-पुण्यात, इथे नाही. म्हणून आपले आराखडे पुष्कळदा मनातल्या इच्छांची यादी होऊन राहतात.

तेवढ्यात शहर आपल्या हिशेबाने वाढत राहतं. तो हिशेब नगररचनाकाराच्या टेबलावर नसतो, तलाठ्याच्या दप्तरात असतो. कोकणात कुठली जागा घरासाठी चांगली, याला बिल्डर दुय्यम मानतो. आधी बघतो तो सातबारा. गावठाणातल्या, आळीतल्या जुन्या घरांच्या उताऱ्यावर पणजोबापासूनचे वारस असतात. एक गिरगावात, दोन डोंबिवलीत, एक दुबईत, एकाचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. वाटप झालेलं नाही, आणि सामाईकात सगळ्यांच्या सह्या मिळवण्याइतकं आयुष्य कुणाकडे नाही. मग बाजारपेठेपासून पाच मिनिटांवरचं, विहिरीचं, सावलीचं घर कुलपात राहतं, आणि इमारत उभी राहते दूर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, कारण तिथला उतारा एकट्याच्या नावावर आहे. पाणी आहे का, रस्ता आहे का, हे प्रश्न पुढचे. उन्हाळ्यात टँकर आहेच.

तुम्ही म्हणाल, माणसं वाढली तर घरं वाढणारच. पण जिल्ह्यात माणसं वाढलीच कुठे? २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाख सत्त्याण्णव हजारांच्या घरात होती. २०११ मध्ये ती सोळा लाख पंधरा हजारांवर आली. महाराष्ट्रात घटलेल्या मोजक्या जिल्ह्यांत आपण होतो, शेजारचं सिंधुदुर्गही. नगरपरिषद हद्दीत तेव्हा शहात्तर हजारांच्या आसपास माणसं होती. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची ती लांबली, म्हणून पुढच्या वीस वर्षांचे अंदाज अजून त्या जुन्या आकड्यांवरच बेतावे लागतात. वाडीतली माणसं मुंबईला गेली, आणि वाडीतच राहिलेल्यांपैकी ज्यांना जमलं ती शाळा-दवाखान्यासाठी रत्नागिरीच्या कडेला आली. त्यात चाकरमान्यांची भर. निवृत्तीनंतर गावी राहू म्हणून फ्लॅट घ्यायचा, आणि गणपती-शिमग्याला आठ-आठ दिवस उघडायचा. म्हणजे शहराच्या मध्यावर बंद घरं, शहराच्या कडेलाही बंद घरं, आणि मधे भाड्याची खोली शोधणारी माणसं.

ही खोली शोधणारी माणसं कोण? दवाखान्यातली नर्स, एमआयडीसीतला कामगार, बदली होऊन आलेला शिक्षक. मिरकरवाड्याच्या बोटींवरचे परप्रांतीय आणि नेपाळी खलाशी. आंब्याच्या बागा राखणारी नेपाळी कुटुंबं, हंगामात बागेतल्या खोपीत राहणारी. त्यांच्या घरांचा विचार कुठल्या रंगात दाखवायचा? राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या गृहप्रकल्पांनी वीस टक्के क्षेत्र लहान घरांसाठी ठेवावं अशी तरतूद आहे, पण ती दहा लाखांहून अधिक वस्तीच्या महापालिकांसाठी. रत्नागिरी त्यात बसत नाही. स्वस्त घर ही मोठ्या शहरांची अडचण, असं गृहीत धरलं गेलं आहे.

सड्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. जांभ्याचा हा उघडा कातळ पिकाच्या कामाचा नाही म्हणून सातबाऱ्यावर बहुतेक ठिकाणी पोटखराब लागतो, आणि पोटखराब म्हटलं की तिथे काहीही बांधायला मोकळीक, असा सर्वांचा समज. प्रत्यक्षात जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात पडणाऱ्या तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसातलं काही पाणी या कातळातून आत मुरतं, खालच्या चिकण थरावर अडतं आणि उताराला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. सड्याखालच्या वाड्यांतल्या विहिरी त्यावर जगतात. सडा म्हणजे शहराची न बांधलेली पाण्याची टाकी. तिच्यावर काँक्रीट ओतलं, पऱ्ये, म्हणजे पावसाळी ओढे, मातीने बुजवले, की पाणी मुरायच्या ऐवजी दोन तासांत खाली येतं. ज्या गावात जूनमध्ये रस्त्यावर पाणी साचतं, त्याच गावात अनेकदा एप्रिल-मे मध्ये नळ एक दिवसाआड येतो, यात विरोधाभास नाही. दोन्हीचं कारण एकच आहे.

याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. जांभरुण, उक्षी, कशेळी, देवाचं गोठणं ही नावं आता जगाला ठाऊक झाली. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने ज्या कातळावर हत्ती आणि मासे कोरले, त्याला आपण पडीक म्हणून मोकळे होतो.

पाणी उताराने जातं, त्याला हद्द कळत नाही. नियोजन करणारे मात्र एकाच उतारावर चार. नगरपरिषदेच्या हद्दीत नगरपरिषद. बाहेर प्रादेशिक योजना आणि जिल्हाधिकारी. औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी. त्यात २०२४ पासून रेवस-रेड्डी सागरी महामार्गालगत ठरवलेल्या विकास केंद्रांचं नियोजन राज्याने रस्ते विकास महामंडळाकडे सोपवलं आहे. मिऱ्या बंदरापासून कोल्हापूरमार्गे नागपूरपर्यंत जाणारा चौपदरी महामार्ग कुवारबावातून जातो, तो आणखी वेगळ्या खात्याचा. प्रत्येकाचा नकाशा आपापल्या रेषेपर्यंत चोख असतो. रेषेपलीकडे कोरा कागद.

यावर सोपा उपाय म्हणून हद्दवाढ सुचवली जाते. ती आज ना उद्या होईलही. पण हद्दवाढीला आजूबाजूच्या गावांचा विरोध उगाच नसतो. घरपट्टी वाढेल हे त्यांना दिसतं, नळ कधी येईल ते दिसत नाही. ज्या गावाकडून शहराने पाणी घेतलं आणि ज्याच्याकडे कचऱ्यासाठी जागा मागितली, त्याने शहरावर विश्वास का ठेवावा? आधी एकत्र बसून पाण्याचा हिशेब मांडावा, हद्द मग ठरवावी. शहर आणि लगतच्या ग्रामपंचायतींचा मिळून एक आराखडा करायला कायद्याची आडकाठी नाही; आडकाठी आहे ती कुणाची सही आधी, कुणाची मग, याची.

पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. १९१५ मध्येच मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला होता. गेडिसने मात्र इथल्या शहरांतून पायी फिरून वेगळाच धडा घालून दिला: आधी गाव बघा, मग रेघ ओढा. जुनी वस्ती सरसकट पाडण्यापेक्षा अडलेल्या दोन-चार जागा मोकळ्या करा, विहिरी आणि तलाव वाचवा. रत्नागिरीत आज असं फिरायचं, तर कुलपातली घरं मोजावी लागतील, प्रत्येक पऱ्या उगमापासून खाडीपर्यंत आखावा लागेल, सड्यावरच्या मुरण्याच्या जागा ठरवाव्या लागतील. सामाईक घरांच्या वाटपाला महसूल खात्याने ठराविक काळ शिबिरं लावली, तर एक नवीन वीटही न लावता शहराला शेकडो खोल्या मिळतील असं मला वाटतं. रस्ते, नळ, शाळा तिथे आधीच आहेत.

आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी साधारण महिनाभर मिळतो. त्या महिन्यात नगरपरिषदेत गर्दी होते. येणारा प्रत्येक जण नकाशावर आपला सर्व्हे नंबर शोधतो. आरक्षण नसेल तर सुटकेचा श्वास टाकून घरी जातो. हा वेळ पुरेसा नाही हे खरं, पण जेवढा आहे तेवढाही आपण स्वतःपुरताच वापरतो. आपल्या प्लॉटवर आरक्षण नाही, म्हणजे आपल्या विहिरीला पाणी आहे असं नव्हे. ते पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हे नंबरातून येतं, बहुधा हद्दीपलीकडच्या. हरकत नोंदवायचीच, तर त्या नंबरासाठी नोंदवा. कायदा ती नोंदवायला शेजारच्याच्या मालकीचा पुरावा मागत नाही.