भीतीलाही मातृभाषा असते

समाजाचा आनंद त्याच्या सणांतून प्रकटतो, तशी त्याची भीती लोककथांतून प्रकटते. तुर्कस्तानच्या भयपटांचा प्रवास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१९७४ साली मेतिन एर्कसान यांनी ‘शेयतान’ हा चित्रपट काढला. दहा वर्षांपूर्वी बर्लिन महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळविणारा हा नामवंत दिग्दर्शक; परंतु ‘शेयतान’ ही आदल्याच वर्षीच्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ या अमेरिकी चित्रपटाची जवळजवळ दृश्यागणिक नक्कल होती. क्रूसाच्या जागी कुराण व झमझमचे पवित्र पाणी आले, एवढेच. भाषा तुर्की, भय मात्र उसने!

वास्तविक घरचा ठेवा मोठा होता. जिन हे धूररहित अग्नीपासून निर्माण झाले असून त्यांच्यातही भले-बुरे असतात, अशी इस्लामी श्रद्धा आहे. अनातोलियातील अनेक वृद्ध त्यांचे नावही उच्चारीत नाहीत. केवळ ‘तीन अक्षरवाले’ म्हणतात. रात्री बाहेर गरम पाणी टाकण्यापूर्वी त्यांची अनुज्ञा मागावी, बाळंतिणीला बाधा होऊ नये म्हणून तिला लाल फीत बांधावी, असे संकेत पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत.

हा ठेवा पडद्यावर ठळकपणे आला तो हसन काराजादा यांच्या ‘दाब्बे’पासून, २००६ मध्ये. पुढे २०१४ मध्ये आल्पेर मेस्तची यांचा ‘सिज्जीन’ आला. कुराणात दुर्जनांच्या कर्मांची नोंद जेथे राहते, ते सिज्जीन. विवाहित पुरुषावरील आसक्तीपोटी एक स्त्री करणी करविते आणि तिचे फळ अखेर तिलाही भोगावे लागते, असे हे कथानक. येथे अनर्थाचे मूळ जिनांत नसून माणसाच्या वासनेत आहे. दोन्ही चित्रपटांच्या मालिका झाल्या. एखादे खेड्यातील घर, मोजके कलावंत आणि प्रेक्षकाच्या मनात आधीच वसलेले भय, एवढ्या अल्प भांडवलावर हा व्यवसाय उभा राहिला.

दरम्यान पाहण्याची रीतही पालटली. एके काळी उन्हाळ्यात सारा मोहल्ला उघड्या चित्रपटगृहात जमे. पुढे दूरचित्रवाणी घराघरांत आली, मग बहुपडदा चित्रगृहे आली. २०१६ मध्ये नेटफ्लिक्स तेथे पोहोचले. २०२० च्या महामारीत चित्रगृहांना टाळे लागले. आता हेच चित्रपट अनेक जण हातातील दूरध्वनीवर, रात्री, एकट्याने पाहतात.

हा बदल केवळ सोयीचा नव्हे. आजी जिनांची गोष्ट सांगे तेव्हा नातवाच्या चेहऱ्याकडे पाही. तो घाबरला की थांबे, त्याला जवळ घेई आणि भीतीवरचा उपायही सांगे. चित्रगृहातही शेजारच्या हास्याने भय हलके होई आणि दाराशी निदान वय विचारले जाई. दूरध्वनीचा पडदा चेहरा पाहत नाही, वय विचारीत नाही, आणि एक चित्रपट संपताच दुसरा पुढे करतो.

लोककथेतील भय माणसाला मर्यादा शिकवी: दुसऱ्याचे वाईट चिंतू नये, अदृश्याचाही मान राखावा. सोबत सुटली की मर्यादेचा धडा मागे पडतो आणि नुसता थरकाप उरतो. म्हणून मुलांनी काय पाहावे या प्रश्नाइतकाच, ते कोणाच्या शेजारी बसून पाहावे, हा प्रश्नही प्रत्येक घराने विचारात घ्यावयास हवा.