भिंतीपलीकडची पाहुणी



या वेळी आधी एका लॉजची हकीकत सांगते. एका कारखान्याच्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. समितीच्या प्रशिक्षणासाठी सोलापूरला गेले होते, मुक्काम दोन रात्रींचा. लॉजच्या काउंटरवर जाड रजिस्टर होते. त्यात नाव, वय, पत्ता, कुठून आलात, कशासाठी आलात एवढे रकाने छापलेले. एक रकाना तोंडी होता. काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारले, "सोबत कोण?" एकटीच म्हटल्यावर त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिले, मग माझ्या केसांकडे, आणि किल्ली पुढे केली. पांढरे केस हे आपल्याकडे बाईचे सर्वांत भरवशाचे ओळखपत्र आहे. पंचविशीतल्या मुलीजवळ ते नसते.

खोलीत जाऊन कडी लावली, वरची खिटी लावली, दाराला खुर्ची टेकवून ठेवली. जेवण वरच मागवले. पोऱ्या ताट ठेवून जाईपर्यंत दार सताड उघडे. हे सगळे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विशेष करतो आहोत असे वाटतही नाही. खाली जेवणघरात गडबड होती, हसण्याचे आवाज जिन्यातून वर येत होते. शेजारच्या खोलीतून कुणाचा तरी खोकला ऐकू येत होता. दुसरी रात्रही अशीच गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी एस.टी. स्थानकावर बाकावर बसले होते. शेजारी चाळिशीची एक बाई पर्समधले कागद लावत होती आणि त्यात त्याच लॉजचे बिल दिसले. खोकला तिचा होता. साताऱ्याकडे बायकांचे एक शिवणकेंद्र आहे, त्याची खरेदी-विक्री ती पाहते. गणवेशांचा धंदा सोलापुरात मोठा, म्हणून एका व्यापाऱ्याकडून काजबटणाचे आणि शिलाईचे काम मिळते का ते बघायला आली होती. व्यापारी सज्जन होता, नमुने बघून 'काम चांगलं आहे' म्हणालाही. पण म्हणाला, "बाई, कालच येऊन बोलला असता तर बरं झालं असतं. ते पुण्याचे लोक तुमच्याच लॉजवर उतरलेत. रात्री जेवताना विषय निघाला आणि ठरूनच गेलं." म्हणजे ज्या जेवणघरात ते ठरले, त्याच्याच वरच्या मजल्यावर ही बाई कडी लावून तीच आमटी खात होती. आणि भिंतीच्या अलीकडे मी होते. त्या दिवशी दुपारच्या चहाला कारखान्याचे अधिकारी कामगारांचे गणवेश वेळेवर शिवून देणारे कुणी मिळत नाही म्हणून माझ्यासमोरच कुरकुरत होते. मी नीट ऐकलेही नव्हते. माझा विषय वेगळा होता ना!

मला तेव्हापासून त्या भिंतीचा राग आला आहे. त्या रागातून हे संपादकीय लिहिते आहे.

कामानिमित्त गावोगाव फिरणारा पुरुष लॉजवर उतरतो तेव्हा त्याचा दिवस संध्याकाळी संपत नाही. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी बघा. जिल्ह्याच्या प्रत्येक गावात त्यांची ठरलेली लॉजेस असतात, ठरलेली खाणावळ असते. कोणता डॉक्टर किती वाजता भेटतो, कोणत्या दुकानात माल पडून आहे, कोणत्या कंपनीत जागा निघाली आहे, साहेब कसा आहे, हे सगळे तिथे ताटावर कळते. नवा पोरगा दोन फेऱ्यांत तयार होतो. त्याला कुणी शिकवायला बसत नाही, तो नुसता तिथे असतो. ऑडिटवाले, विम्याचे सर्वेक्षक, बँकेचे तपासनीस, यंत्रे बसवायला आलेले इंजिनिअर, सगळ्यांचे थोड्याफार फरकाने असेच. मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉटेलांत खाणावळीच्या जागी बार असतो, एवढेच. आता ही सगळी कामे बायकाही करतात. त्याच लॉजवर उतरतात, तेवढेच भाडे भरतात. पण संध्याकाळी सात ते दहा हे जे तीन तास आहेत, जे पगारपत्रकावर कुठेच नसतात आणि ज्यांत निम्मे काम होते, ते तीन तास बाईला मिळत नाहीत.

'बायकाच मिसळत नाहीत, त्यांना आवड नसते' असे यावर ऐकायला मिळते. आवडीचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. खाली जाऊन एकटीने टेबलावर बसले तर वेटर दोनदा विचारणार, 'अजून कुणी यायचंय का?' समोरच्या टेबलावरून कुणी बोलायला आला तर तो धंद्याचे बोलायला आला की आणखी कशासाठी, हे पहिली दहा मिनिटे कळत नाही. आणि कळेपर्यंत आपला खोली क्रमांक किल्लीच्या बिल्ल्यावर टेबलावरच पडलेला असतो. मग उद्या ऑफिसात कुणी काय म्हणेल, तेही आहेच. एवढी बेरीज-वजाबाकी करण्यापेक्षा ताट वर मागवणे सोपे.

कित्येक जणींना तर लॉजही नशिबात नसते. 'मावशी आहे ना त्या गावात, हॉटेलात कशाला?' असे घरचे म्हणतात आणि मालकालाही भत्ता वाचल्याचे समाधान. मावशीकडे उतरलेली बाई दिवसभर बाजार हिंडून येते आणि संध्याकाळी पोळ्या लाटायला बसते. तिच्या बरोबरीचा सहकारी त्या वेळी कुठे असतो ते वर लिहिलेच आहे.

प्रवासात ओळखी जुळवून देणे हा आता एक व्यवसाय झाला आहे. के.एल.एम. या डच विमान कंपनीने २०१२ मध्ये 'मीट अँड सीट' नावाची सोय काढली. प्रवाशाने फेसबुक किंवा लिंक्डइनवरची आपली माहिती जोडायची, इतरांची पाहायची आणि कुणाशेजारी बसायचे ते ठरवायचे. हॉटेलेही यात उतरली. अमेरिकेतल्या मॅरियट या हॉटेलसाखळीने एम.आय.टी.मधल्या एका प्रयोगशाळेबरोबर २०१४ च्या सुमारास असा प्रयोग केला, की एकाच वेळी उतरलेल्या पाहुण्यांमध्ये समान धागा कोणता, एकाच कॉलेजचे कोण, एकाच धंद्यातले कोण, हे मोबाइलवर कळावे आणि त्यांनी लॉबीत भेटावे. कल्पना वाचल्यावर पहिल्यांदा मला साताऱ्याची ती बाईच आठवली. अशी काही सोय असती तर आम्ही पहिल्याच संध्याकाळी भेटलो असतो, नाही का?

पण मग दुसरी एक गोष्ट आठवली. एरिन अँड्र्यूज ही अमेरिकेतली क्रीडा-वार्ताहर. सप्टेंबर २००८ मध्ये ती कामासाठी नॅशव्हिल शहरातल्या एका हॉटेलात उतरली होती. तिचा पाठलाग करणाऱ्या एका माणसाने ती तिथे उतरणार असल्याची खात्री हॉटेलकडूनच करून घेतली, तिच्या शेजारची खोली मागितली, आणि ती त्याला मिळाली. तिला कुणी विचारले नाही. त्याने तिच्या दाराच्या नेत्रछिद्रात फेरफार करून आतले चित्रण केले आणि पुढे ते इंटरनेटवर पसरले. त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. ती मात्र तेवढ्यावर थांबली नाही, हॉटेलवरही दावा लावला. न्यायालयात तिला भर साक्षीत त्या चित्रणाबद्दल पुन्हा पुन्हा बोलावे लागले. मार्च २०१६ मध्ये ज्यूरीने साडेपाच कोटी डॉलर नुकसानभरपाई ठरवली, आणि तिच्यातला ४९ टक्के वाटा हॉटेलचे मालक व चालक यांच्यावर टाकला. मला या निकालातली रक्कम महत्त्वाची वाटत नाही, तो वाटा महत्त्वाचा वाटतो. शेजारची खोली मागणारा जितका जबाबदार, जवळजवळ तितकाच ती निमूट देणाराही, असे बारा सामान्य माणसांनी म्हटले.

तेव्हा ओळख करून देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा, की माझे नाव कुणाच्या हातात आहे? पाहुण्यांची यादी आपसूक सगळ्यांना दिसत असेल तर ती बाईच्या उपयोगाची नाही, तिच्या मागावर असणाऱ्याच्या उपयोगाची आहे. आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट येते. नाव म्हटले की आडनाव आले, आणि आडनाव म्हटले की जात आणि धर्म आले. रजिस्टरवरचे नाव वाचून 'खोल्या भरल्यात' असे ऐकून परतलेल्या मुस्लिम मैत्रिणी माझ्या माहितीत आहेत. त्यांना कुठल्या सोयीने कुणाशी जोडून द्यायचे?

दुसरा उपाय म्हणून काही महागड्या हॉटेलांत एकट्या स्त्रियांसाठी वेगळे मजले, वेगळ्या खोल्या निघाल्या. कुणाला त्यात निवांत झोप लागत असेल तर माझी हरकत नाही. पण तिथेही प्रत्येक जण आपापल्या खोलीतच. भिंत आहे तिथेच, फक्त रंग गुलाबी. याहून जुने उदाहरण शहाणे वाटते. न्यूयॉर्कमध्ये १९२७ साली नोकरी-धंद्यासाठी आलेल्या स्त्रियांसाठी बार्बिझॉन हॉटेल उघडले. पुरुषांना वरच्या मजल्यांवर मज्जाव होता, तो १९८१ पर्यंत टिकला. खोल्या अगदी लहान, पण वाचनालय, पोहण्याचा तलाव, एकत्र बसायच्या जागा मोठ्या. तिथे राहिलेल्या मुलींनी एकमेकींना नोकऱ्या मिळवून दिल्या. अर्थात प्रवेशाला शिफारसपत्रे लागत, आणि शिफारस कुणाच्या मुलींना मिळते ते आपल्याला सांगायला नको.

आपल्याजवळ मात्र शिफारसपत्रावाचून चालणारा एक नमुना आहेच. मुंबईतल्या लोकलचा बायकांचा डबा. ५ मे १९९२ ला चर्चगेट–बोरिवली अशी पूर्ण गाडीच बायकांसाठी सुरू झाली, पण डबा त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. तिथे ओळखी कशा होतात? आधी कुणी नाव विचारत नाही. 'कुठे उतरणार?' हे विचारतात. मग रोजची आठ-बाराची म्हणून चेहरा कळतो, मग भाजी निवडता निवडता मुलाच्या शाळेचे निघते, भिशी लागते, कुणी साड्या आणते, कुणी आपल्या ऑफिसात जागा निघाल्याचे सांगते. नाव कधी कधी महिन्याने कळते, पत्ता त्याहून उशिरा. आणि नकोसे झाले तर पुढच्या स्टेशनावर उतरून डबा बदलता येतो. तो डबा काही स्वर्ग नाही. चौथ्या सीटवरून होणारी भांडणे मीही केली आहेत, आणि दारात बसलेल्या मासळीवालीकडे नाक मुरडणाऱ्याही आपल्यातल्याच. पण ओळख तिथे बाईच्या चालीने चालते.

हॉटेलांनी आणि लॉजवाल्यांनी करायचे ते एवढेच, आणि त्याला मोबाइलची गरज नाही. जेवणघरात एक मोठे टेबल ठेवा. 'एकट्या आलेल्या पाहुण्यांसाठी, रात्री आठ ते नऊ, बसायची सक्ती नाही' अशी पाटी लावा. कुणाला कुणाला भेटायचे असेल तर निरोप काउंटरवर ठेवावा. ज्याच्यासाठी आहे त्याला विचारल्यावाचून ना नाव सांगावे, ना खोली क्रमांक, ना फोन जोडावा. क्रमांक मोठ्याने उच्चारू नये, कागदावर लिहून द्यावा. रजिस्टर उघडे पसरून ठेवू नये, मागच्या पानावरची सगळी नावे-पत्ते पुढचा माणूस वाचतो.

मालकांना तर हे आपण कायद्याने सांगू शकतो. विशाखा निकाल १९९७ चा, त्यानंतर सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. त्यात कामाच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जाते ती जागा आणि मालकाने दिलेले वाहन हेही कामाचे ठिकाण धरले आहे. म्हणजे कंपनीने पाठवलेल्या बाईसाठी लॉजचे जेवणघरही. शिवाय कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या इतर व्यक्तींपासूनही ती सुरक्षित राहील हे पाहणे कलम १९ प्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे. मी समित्यांवर जाते तिथे हे वाक्य वाचून दाखवले की अधिकारी हमखास चमकतात. 'मग आम्ही बायकांना बाहेरगावी पाठवायचंच नाही का?' असे एकाने विचारलेही. पाठवायचे, आणि नीट भत्ता देऊन पाठवायचे. पाठलाग हा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे, हेही प्रत्येक फिरतीवरच्या बाईला पाठ असलेले बरे.

हा मजकूर आमच्या बैठकीत वाचला तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, ऊसतोड बाईला झोपायला पाचट मिळते आणि तू हॉटेलातल्या बायकांच्या ओळखींचे काय घेऊन बसलीस? तिच्या बोलण्याला माझ्याजवळ चोख उत्तर नाही. एवढेच म्हणाले की सोलापुरातले ते काम गेले ते माझे नाही, शिवणकेंद्रातल्या बायकांचे गेले, आणि त्यांच्यातली एकही बाई हॉटेलात कधी गेलेली नाही. बचत गटांचा माल घेऊन वांद्र्याच्या महालक्ष्मी सरसला येणाऱ्या बायका रात्री एकत्र बसतात, तेव्हा कुणाचा मसाला कुठे खपतो हे एकमेकींना कळते. एरवी वर्षभर त्या एकेकट्याच फिरतात.

साताऱ्याच्या बाईला मी त्या कारखान्याचा पत्ता दिला. पहिला नमुना नापास झाला, कॉलर चुकली होती. दुसरा पाठवला आहे.

आता तुमच्याकडून हवे आहे ते असे. तुम्ही कामासाठी ज्या गावी जाता तिथले लॉज, भाडे, एकट्या बाईला खोली देतात का, खाली जेवायला बसता येते का, हे आम्हाला पत्राने कळवा. पुढच्या अंकापासून आपण जिल्हावार छापू. त्या गावी संध्याकाळी चहाला भेटायला तयार असलेली मैत्रीण असेल तर तसेही लिहा. फक्त तिला विचारल्याशिवाय तिचे नाव आणि फोन नंबर पाठवू नका.