औषधाची सवलत सुरकुतीला नाही



आमच्या जाऊबाई जिलेटिनच्या संशयावरून नातवाच्या हातातली जेलीची गोळी काढून घेतात. परवा त्याच जाऊबाई धाकट्या लेकीच्या लग्नाआधी नाकापासून ओठांपर्यंतच्या रेषा भरून घ्यायला निघाल्या. फिलरची किंमत विचारली, किती महिने टिकतं ते विचारलं. ते कशापासून बनतं, हे मात्र विचारलं नाही. मी टोकलं तर म्हणाल्या, "अगं, ते औषध आहे. औषधाला कुणी बघतं का?"

हेच मला मान्य नाही. औषधाची सवलत आजाऱ्याला आहे, नाइलाजाला आहे. सुरकुती हा आजार नाही. फिलर ही हौस आहे आणि हौसेच्या वस्तूला रेशमी साडीचाच नियम लागतो. रेशीम सोडलेल्या आपल्यात कितीतरी जणी आहेत. मग गालात काय टोचून घेतो, हे विचारायला लाज कसली?

आणि विचारण्यासारखं पुष्कळ आहे. अमेरिकेत १९८१ मध्ये मान्यता मिळालेलं कोलेजनचं फिलर गाईच्या कातडीपासून बनत असे. हायलुरोनिक ॲसिड पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. आज ते बहुतेक जीवाणू वाढवून बनवतात. दह्याची मर्यादा मोजणाऱ्या आपण, हे आपल्या व्रतात बसतं का ते प्रत्येकीने ठरवावं. कॅल्शियम हायड्रॉक्सिलअपेटाइट किंवा पॉलि-एल-लॅक्टिक ॲसिडची फिलर्स कृत्रिमरीत्या तयार होतात. पण कायम टिकणाऱ्या एका प्रकारात प्लास्टिकच्या बारीक कणांसोबत आजही गाईचं कोलेजन असतं. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका इंजेक्शनच्या खोक्यावर नसतो. तिथे तोंड उघडून विचारावंच लागतं.

"मग कृत्रिमच घेऊ" म्हणाल, तर थांबा. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. असं क्वचितच होतं, पण होतं. हायलुरोनिक ॲसिड विरघळवणारं हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन आहे. बाकीच्यांना तसा उतारा नाही. आणि हा उतारा अनेकदा मेंढ्याच्या किंवा बैलाच्या वृषणांपासून काढलेला असतो. थेट प्राण्यांच्या अवयवांपासून न काढलेलाही मिळतो, पण तो दवाखान्यात आहे का, हे आधीच विचारायला हवं.

ती वेळ आलीच तर असेल तो उतारा लगेच घ्या. डोळा वाचवणं हा खरा नाइलाज आहे. पण त्या नाइलाजाच्या वाटेला आपण हौसेने गेलो, हे प्रतिक्रमणाला बसल्यावर कुणापासून लपवणार?

फिलर घेणारीला मी नावं ठेवत नाही. लग्नात "किती थकलीस गं" म्हणणाऱ्या बायकांनीच तिला तिथे धाडलेलं असतं, आणि त्यांत आपणही असतो. माझं भांडण न विचारण्याशी आहे. ब्युटी पार्लरमध्ये तर हे मुळीच करू नका. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जा. फिलरचं नाव, ते कशाचं आहे आणि उतारा कशाचा आहे, हे पैसे भरण्याआधी लिहून मागा. सीलबंद खोकं समोर फोडायला सांगा.

जाऊबाईंनी काल दवाखान्यात फोन करून हे सगळं विचारलं. अजून त्यांचं काही ठरलेलं नाही. ठरवतील त्या. पण आता जे ठरेल, ते माहीत असून ठरेल.