जयंतीचा वक्ता आता मोबाईल ठरवतो

१४ एप्रिलला सुरू होणारी जयंती आपल्याकडे १४ एप्रिलला संपत नाही. शहरात त्या रात्री मिरवणूक निघते, पण गावोगावच्या जयंत्या सोयीच्या तारखा धरून मे अखेरपर्यंत, कुठे कुठे पहिला पाऊस पडेपर्यंत चालतात. या दीड-दोन महिन्यांत आपल्या वस्त्यांमध्ये जेवढी व्याख्याने होतात, तेवढी उरलेल्या वर्षात मिळूनही होत नसतील. म्हणूनच जयंती उत्सव समितीच्या बैठकीत वर्गणी आणि डीजे यांच्या खालोखाल वाद होतो तो वक्ता कोण आणायचा यावर.

हा निर्णय होण्याची रीत गेल्या काही वर्षांत पार बदलली आहे. पूर्वी तालुक्याच्या कॉलेजातले प्राध्यापक, भारतीय बौद्ध महासभेचे केंद्रीय शिक्षक, कर्मचारी संघटनेतला एखादा वाचणारा माणूस अशी नावे पुढे यायची. कोणीतरी त्यांना आधी ऐकलेले असायचे. आता बैठकीत एक पोरगा मोबाईल पुढे करतो, दीड मिनिटाची रील लावतो आणि म्हणतो, "ह्यांनाच आणायचं." रीलखाली लाखांतले व्ह्यूज दिसतात. वस्तीपातळीवर काम करणारे आम्ही अशा अनेक बैठकांना बसलो आहोत. त्या दीड मिनिटात वक्त्याने काय सांगितले यापेक्षा टाळ्या किती पडल्या याचीच चर्चा जास्त होते.

हे सगळे बिघडलेच आहे, असे आमचे म्हणणे नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. आपला आवाज दुसऱ्याच्या कागदावर, दुसऱ्याच्या मंचावर, दुसऱ्याच्या मर्जीने जायचा, हा अनुभव शंभर वर्षांचा आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालू आहे. त्या धाटणीच्या मालिका महाराष्ट्रात गावोगाव झाल्या. तिथल्या निमंत्रितांच्या यादीत वस्तीतल्या मुलाचे नाव सहजासहजी येत नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. त्यानंतर बारावी झालेली, डी.एड. करून नोकरीची वाट पाहणारी, एमए करून तासिका तत्त्वावर शिकवणारी आपली मुले-मुली कोणाची परवानगी न घेता बोलू लागली. संविधान, आरक्षण, शिष्यवृत्ती, जातीय अत्याचार या विषयांवर मराठीत आज जे काही ऐकायला मिळते, त्यातला मोठा वाटा या मुलांचा आहे. त्यातून कोणी वक्ता म्हणून उभा राहिला, त्यावर घर चालवू लागला, तर त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही.

मानधनाविषयी आपल्याकडे उगाच संकोच आहे. डीजेवाल्याला आगाऊ रक्कम देताना कोणी कुरकुर करत नाही. वक्त्याने गाडीभाडे मागितले की "चळवळीचा सौदा मांडला" म्हणतात. वक्त्याचे दोन दिवस जातात, प्रवास होतो, पुस्तके विकत घ्यावी लागतात. गृहस्थाने श्रमाचा मोबदला घेणे हे सम्मा आजीवात बसते.

अडचण मानधनाची नाही. दर कशावरून ठरतो, ही अडचण आहे. शंभर उंबऱ्यांच्या वस्तीत घरटी पाचशे रुपये धरले तर पन्नास हजार जमतात. मंडप, साउंड, मूर्तीची सजावट, जेवण काढले की वक्त्यासाठी काय उरते, हे समितीच्या खजिनदाराला विचारा. ती पाचशेची वर्गणी देणारी बाई धुण्याभांड्याची किंवा शेतमजुरीची कामे करते. तिच्या पैशांतून आलेला वक्ता किती वाचून आलाय यावर दर ठरत नाही. फॉलोअर किती यावर ठरतो. आणि फॉलोअर कसे वाढतात, हे समजून घेतले की पुढचे सगळे उलगडते.

यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळवायचा तर चॅनेलला किमान एक हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे दर्शन लागते, नाहीतर नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. एक हजार सदस्य जमवणे फार कठीण नाही. चार हजार तास कठीण आहेत. म्हणून लांब व्याख्यान टाकण्यापेक्षा त्याचे तुकडे करून टाकण्याकडे कल जातो. बघणारा पहिल्या दोन-तीन सेकंदांत थांबला नाही तर ती क्लिप पुढे ढकलली जात नाही, त्यामुळे प्रस्तावना गळते. संदर्भ गळतो. "पण" आणि "तरीही" हे शब्द गळतात. उरतो तो आवाज चढवलेला भाग. आणि खरी मिळकत जाहिरातींतून फारशी होतच नाही, ती निमंत्रणांतून होते. म्हणजे क्लिप ही वक्त्याची जाहिरात, आणि जयंतीचे व्याख्यान हे त्या जाहिरातीचे शूटिंग. आता वक्त्याबरोबर त्याचा कॅमेरावाला येतो. कॉलर माईक लागतो. समोर बसलेल्या लोकांचे चेहरे, उठलेल्या मुठी, शिट्ट्या हे सगळे कटिंगसाठी हवे असते. तासभराचे बोलणे दर पाच-सात मिनिटांनी टाळीच्या वाक्यापाशी येते, कारण तिथे कात्री लागणार असते. हे ऐकताना सवयीच्या कानाला लगेच कळते.

मग बोलले काय जाते? आमच्या निरीक्षणात दोन प्रकार भरपूर दिसतात. एक म्हणजे आपल्याच गटातटांवर तोंडसुख. आपल्यापैकीच कोणाला तरी दलाल ठरवणारी क्लिप झपाट्याने पसरते, कारण दोन्ही बाजूचे लोक तिच्यावर कमेंट करतात. दुसरा प्रकार म्हणजे बाबासाहेबांच्या तोंडी घातलेली वाक्ये. वाघिणीच्या दुधाची ओळ घ्या. ती प्रत्येक मंचावर येते, फ्लेक्सवर येते, शाळेच्या भिंतीवर येते. ती कोणत्या भाषणातली, कोणत्या गावची, कोणत्या तारखेची, असे विचारले की वक्ता चिडतो. आपल्या तीन शब्दांच्या घोषणेचेही तसेच. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेच्या भाषणात बाबासाहेबांनी शिक्षणानंतर चेतवण्याचा, म्हणजे संघर्षाचा शब्द घेतला आणि संघटन शेवटी ठेवले. मराठीत आपण संघटन मध्ये आणून संघर्ष शेवटी नेला. या क्रमावर तासभर उत्तम व्याख्यान होऊ शकते. आम्ही ते अजून एकाही व्हायरल वक्त्याकडून ऐकलेले नाही.

यात दोष फक्त वक्त्यांचा नाही, हेही सांगितले पाहिजे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये काढला. वसंत मून यांनी त्या कामात आयुष्य घातले. मराठी भाषणे अठराव्या खंडाच्या तीन भागांत आहेत. पण हे खंड मिळायला हवेत ना! छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली, एवढी आपल्या सरकारची आस्था. इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात फुकट आहेत, पण गावातल्या मुलाला त्या इंग्रजीचा घाम फुटतो. तो मग दुसऱ्याच्या रीलमधून वाक्य उचलतो, दुसरा तिसऱ्याच्या रीलमधून.

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात उदायी सुत्त आहे. उदायी स्थविर मोठ्या गृहस्थ परिषदेपुढे धम्म सांगत बसलेले आनंदांना दिसतात आणि ते जाऊन भगवंतांना सांगतात. भगवंत त्यावर म्हणतात की दुसऱ्याला धम्म सांगणे सोपे नाही. सांगणाऱ्याने पाच गोष्टी मनाशी धराव्यात. क्रमाक्रमाने सांगावे. कारण दाखवत सांगावे. करुणेने सांगावे. लाभासाठी सांगू नये. स्वतःला वा दुसऱ्याला घायाळ करत सांगू नये. हे भिक्खूला उद्देशून आहे, त्यामुळे चौथी गोष्ट गृहस्थ वक्त्याला जशीच्या तशी लावायचा हट्ट आम्ही धरणार नाही. पण पहिल्या दोन पाहा. क्रम आणि कारण. रीलमध्ये सर्वात आधी याच दोन गोष्टी कापल्या जातात. पाचवीबद्दल तर बोलायलाच नको.

एक धोका समितीवाल्यांच्या लक्षात येत नाही. भाषणाचा मधला तुकडा वेगळा काढला की त्याचा अर्थ उलटा होऊ शकतो, आणि तो तुकडा काढणारा आपलाच माणूस असेल असे नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १९६ मध्ये समाजगटांत तेढ वाढवण्याचा आणि कलम २९९ मध्ये धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा आहे. गुन्हा दाखल झाला की वक्ता आपल्या शहरात असतो आणि पोलीस ठाण्यात खेपा घालायला गावातले आयोजक जातात. पूर्ण भाषणाचे स्वतःचे रेकॉर्डिंग समितीकडे असले पाहिजे, ते या कारणासाठी. उलट बाजूने, बाबासाहेबांसारख्या, अनुसूचित जातींना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर करणारी पोस्ट आली तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(v) आहे. ते किती वक्त्यांना तोंडपाठ आहे? त्याच पोस्टवर शिवीगाळ करणारी रील टाकून व्ह्यूज मिळवणारे मात्र पुष्कळ.

बोलणाऱ्या मुलींचे वेगळेच आहे. मुलग्याच्या क्लिपखाली मतभेद असले तरी त्याच्या मुद्द्यावर वाद होतो. मुलीच्या क्लिपखाली तिचे दिसणे, कपडे, लग्न झाले की नाही, इथपर्यंत उतरतात, आणि यात प्रोफाइलवर निळा झेंडा लावलेलेही असतात. घरचे म्हणतात, बंद कर. ती बंद करते. मग आपण समितीत बसून म्हणतो, महिला वक्त्या मिळत नाहीत.

खरे तर मिळतात. मोबाईलवर दिसत नाहीत इतकेच. आषाढी ते आश्विनी पौर्णिमा, वर्षावासाचे तीन महिने कोणत्याही विहारात संध्याकाळी जाऊन बसा. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू असते. वाचणाऱ्या बहुधा बायाच. कोणी पाचवीपर्यंत शिकलेली, कोणी अंगणवाडी सेविका, कोणी सेवानिवृत्त परिचारिका. एक परिच्छेद वाचायचा, थांबायचे, आपल्या शब्दांत सांगायचे. मध्येच कोणीतरी विचारते की, मग घरात गौरी बसवायच्या की नाही, सासू ऐकत नाही. त्यावर अर्धा तास जातो. कधी भांडणही होते. पुढच्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू. क्रम आहे, कारण आहे, करुणाही आहे. मानधन शून्य. वर्षावास समाप्तीला एखादी साडी आणि शाल. वक्तृत्वाची इतकी कसून तालीम देणारी दुसरी शाळा आपल्याकडे नाही, आणि जयंतीच्या मंचावर याच बायांना फक्त बुद्धवंदनेला उभे करतात.

जुन्या वक्त्यांचे दाखले देताना आपण त्यांच्या आवाजाचे वर्णन करतो. दादासाहेब गायकवाड बोलायचे तेव्हा त्यांच्यामागे भूमिहीनांचा सत्याग्रह होता; १९६४-६५ च्या त्या लढ्यात लोक तुरुंगात गेले होते. बोलणारा आणि संघटना बांधणारा एकच असायचा. आज वक्ता कार्यक्रम संपला की गाडीत बसतो. त्या गावात गायरान जमिनीचा वाद असेल, विहाराच्या जागेचा सातबारा अडकला असेल, वसतिगृहाची यादी लागली नसेल, त्याला ठाऊक नसते. विचारायलाही कोणी सांगितलेले नसते.

वक्ता म्हणून पुढे येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना आमचे म्हणणे इतकेच की क्लिप टाका, जरूर टाका. पण प्रत्येक क्लिपखाली पूर्ण व्याख्यानाची लिंक, गाव आणि तारीख द्या. वाक्य बाबासाहेबांचे असेल तर खंड आणि पान द्या. यासाठी पैसे लागत नाहीत, आणि दोन-तीन वर्षांत तुमची ओळख "संदर्भ देणारा" अशी होते, जी ट्रेंड गेल्यावरही राहते. पार्श्वभूमीला भीमगीत लावताना त्याचे हक्क कोणाकडे आहेत ते पाहा. कंपनीचा दावा आला की कमाई तिच्याकडे जाते, कधी व्हिडिओच उडतो. सगळी भाषणे एकाच खात्यावर ठेवू नका. सामूहिक तक्रारी करून खाती बंद पाडणाऱ्या टोळ्या आहेत.

आणि समित्यांना: रील पाहून बोलवायचे तर आधी त्या माणसाचे एक तरी पूर्ण व्याख्यान बैठकीत बसून ऐका. बोलवताना आपल्या गावाचे दोन प्रश्न लिहून पाठवा आणि त्यावर बोलायला सांगा. बाहेरच्या वक्त्याआधी वस्तीतल्या एका मुलीला किंवा विहारात वाचन करणाऱ्या ताईला वीस मिनिटे द्या. तिलाही पाकिटात मानधन द्या, आणि तिच्या भाषणाचे रेकॉर्डिंगही करा, तिची परवानगी घेऊन. प्रश्नोत्तरांचा वेळ पत्रिकेवर छापा आणि तो सत्कारांच्या आधी ठेवा. नंतर ठेवला की लोक जेवायला उठतात.